मागच्या दिव्याचे अर्थकारण

मोटारीचे पुढचे दिवे चालकाला रस्ता दाखवितात. मागचे दिवे मोटार इतरांना दाखवितात. ही गोष्ट इतकी उघड आहे की ती सांगण्यासाठी साप्ताहिकाची जागा अडवावी काय, असे कोणी विचारील. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने या साध्या फरकात बरेच काही सामावलेले आहे. पुढच्या दिव्याचे पैसे देणारा आणि त्याचा लाभ घेणारा एकच असतो. मागच्या दिव्याचे पैसे एकजण देतो आणि जीव बहुधा दुसऱ्याचाच वाचतो. मागून आदळणारे वाहन पुढच्यालाही इजा करते, त्यामुळे मालकाचा त्यात काहीच स्वार्थ नसतो असे नव्हे. तथापि आपला मागचा दिवा जळतो आहे की विझला आहे हे चालकाला बसल्या जागेवरून दिसतच नाही. पुढचा दिवा गेला तर तो त्याच रात्री दुरुस्त होतो. मागचा गेला तर महिनोन्‌महिने कोणाला पत्ता नसतो.

आर्थर पिगू यांनी १९२० साली प्रसिद्ध केलेल्या ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ या ग्रंथात खाजगी घराच्या दारावर लावलेल्या दिव्याचे उदाहरण आहे. घरमालक तो दिवा आपल्यासाठी लावतो, पण उजेड रस्त्यावरही पडतो आणि त्याचे मोल वाटसरूकडून वसूल करता येत नाही. बाह्य लाभ ही कल्पना वर्गात समजावून देताना मी हे उदाहरण पुष्कळ वर्षे दिले. वस्तुतः वाहनाचा मागचा दिवा हे त्याहूनही चपखल उदाहरण होय, कारण येथे मालकाच्या वाट्याला उजेड मुळी येतच नाही. ज्या वस्तूचा लाभ दुसऱ्याला होतो ती वस्तू बाजार नेहमीच अपुरी पुरवितो. मागच्या दिव्यांच्या बाबतीत नेमके हेच घडत आले आहे.

आता या दिव्यांत एक मोठे तांत्रिक परिवर्तन झाले आहे. पूर्वीच्या बल्बची जागा एलईडी दिव्याने घेतली आहे. डोळ्यांना दिसेल असा लाल प्रकाश देणारा एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ साली तयार केला. तो वाहनांच्या मागच्या बाजूस सर्रास येऊन पोहोचावयास पुढे तीन-चार दशके लागली. बल्बमध्ये तार तापते आणि तापून उजळते. तिला पूर्ण तेज यावयास सुमारे एक पंचमांश सेकंद लागतो. एलईडीला असा विलंब लागत नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने मागून येणारे वाहन एवढ्या अवधीत साडेचार मीटर, म्हणजे एका लहान मोटारीच्या लांबीइतके, पुढे सरकते. ब्रेकचा इशारा तेवढ्या अंतराने लवकर मिळतो. शिवाय एलईडीत तारच नसल्यामुळे खडबडीत रस्त्यावरील हादऱ्यांनी ती तुटण्याचा प्रश्न येत नाही, आणि वीज फार थोडी लागते.

या लाभाचे मोजमाप संयमानेच केले पाहिजे. मोटारीच्या मागच्या काचेशी उंचावर बसविलेला तिसरा ब्रेकदिवा अमेरिकेने १९८६च्या नमुन्यांपासून सर्व प्रवासी मोटारींना सक्तीचा केला. तत्पूर्वी टॅक्सींवर जे प्रयोग झाले होते त्यांत मागून बसणाऱ्या धडका निम्म्याहून अधिक घटल्याचे दिसले होते. परंतु हा दिवा सर्वांच्याच गाडीवर आला, त्याचे नावीन्य ओसरले, आणि १९९८च्या सरकारी मूल्यमापनात कायमची घट ४.३ टक्के एवढीच निघाली. तरीही तो निर्णय शहाणपणाचा होता असेच त्या मूल्यमापनाने सांगितले, कारण दिव्याचा खर्च अत्यल्प आणि वाहनांची संख्या प्रचंड. येथे ध्यानात घ्यावयाची बाब अशी की तो दिवा महाग मोटारीला आणि स्वस्त मोटारीला एकाच दिवशी लागला. ग्राहकाच्या ऐपतीवर तो सोडला गेला नाही.

आपल्याकडे काय घडते? एकाच कंपनीच्या एकाच मोटारीच्या स्वस्त प्रकाराला मागे बल्ब आणि महाग प्रकाराला एलईडीची झगमगीत पट्टी, अशी विभागणी अनेकदा आढळते. मागून येणाऱ्याची सुरक्षितता ही पुढच्याच्या श्रीमंतीची शोभा म्हणून विकली जाते. मग स्वस्त प्रकार घेणारा तरुण सजावटीच्या दुकानात जातो आणि जुन्या बल्बच्या जागी एलईडी बसवून घेतो. खोबणीत तो बरोबर बसतो, म्हणून काम झाले असे त्याला वाटते. पण त्या दिव्यामागचा आरसा आणि पुढची काच बल्बमधील तारेच्या नेमक्या जागेसाठी घडविलेली असते. एलईडीचा प्रकाश भलत्याच दिशांना फाकतो. तांबड्या काचेमागे पांढरा एलईडी बसविला तर त्याचा बराचसा प्रकाश काचेतच अडतो आणि बाहेर फिकट गुलाबी उजेड पडतो; तेथे लाल एलईडीच हवा. वळणाचा दिवा बदलला तर तो वेड्यासारखा भराभर लुकलुकू लागतो, कारण जुना रिले कमी वीज ओढली जात असल्याचे पाहून बल्ब गेला असे समजतो. त्यावर उपाय म्हणून दुकानदार एक रोधक जोडून देतो. तो रोधक वाचलेली सगळी वीज उष्णतेत जाळून टाकतो. काही हौशी मंडळी तर दिव्यावर काळी फिल्म चढवितात. सुधारणेच्या नावाखाली पूर्वीपेक्षा वाईट दिवा लावण्याचा हा उद्योग खुलेआम चालतो, आणि त्याचा उपद्रव मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला होतो.

मात्र मोटारींच्या या हौसेपेक्षा मला अधिक महत्त्वाचा प्रश्न वाटतो तो ज्या वाहनांना मागे दिवाच नसतो त्यांचा. आपल्या राज्यात गळीत हंगामाचे चार-पाच महिने अशी हजारो वाहने रोज रात्री रस्त्यावर असतात. उसाने भरलेली टायरगाडी, आणि ट्रॅक्टरला जोडलेली डबल ट्रॉली.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर, अहिल्यानगर या भागांत काम केलेल्या कार्यकर्त्यांना हे चित्र नव्याने सांगावयास नको. बीडकडून आलेले जोडपे पहाटे फडात उतरते. दिवसभर तोडणी, मोळ्या बांधणे, मग गाडी भरणे. गाडी फडातून बाहेर पडते तोवर दिवस मावळलेला असतो. कारखाना चोवीस तास चालतो. गव्हाणीला रात्र ठाऊक नाही. म्हणून गाडीवानालाही रात्र ठाऊक असून चालत नाही. थकलेला माणूस, थकलेले बैल, आणि ताशी चार किलोमीटरचा वेग. कित्येकदा उसावर बायकामुले झोपलेली असतात. ट्रॉलीची गोष्ट निराळी दिसते, पण तीही अखेर तेथेच येऊन थांबते. तिच्या सांगाड्यावर दिवे असले तरी मागे लोंबणारा ऊस ते पूर्ण झाकून टाकतो. आणि दोन ट्रॉल्यांमधली वायर कुठेतरी तुटलेली असते.

आता थोडा हिशेब करू. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. धोका दिसल्यावर पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर तेवढ्यात ३३ मीटर संपतात. नंतर कोरड्या चांगल्या रस्त्यावर गाडी थांबावयास आणखी चाळीसएक मीटर लागतात. एकूण पाऊणशे मीटर. समोरून वाहन येत असल्यामुळे चालकाने आपला दिवा खाली केला असेल तर उसासारखी मळकट, प्रकाश न परतविणारी वस्तू त्याला यापेक्षा पुष्कळच जवळ आल्यावर दिसते. म्हणजे तो जागा आहे, शुद्धीवर आहे, नियमाने चालला आहे, तरीही धडक ठरलेलीच. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी मागचा तांबडा दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे असे म्हटले आहे. एवढ्या अंतरावरून दिसलेल्या गाडीपर्यंत पोहोचावयास त्याच वेगाने सात सेकंद लागतात. या सात सेकंदांत मनुष्य वेग कमी करू शकतो, बाजूने निघू शकतो, थांबूही शकतो. मागच्या दिव्याने जे काही विकत मिळते ते हे सात सेकंद.

आणि धडकणारा कोण असतो? २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत दुचाकीवरील माणसांचा वाटा ४४ टक्क्यांहून अधिक होता. त्या वर्षीच्या एकूण अपघातांपैकी सुमारे एक पंचमांश अपघात मागून धडक बसण्याचे होते. ते सारे दिव्याअभावी झाले असे कोणी म्हणणार नाही. पण उसाच्या पट्ट्यात रात्री घरी परतणारा दुचाकीस्वार हा बहुधा कुठल्यातरी पाळीवरून सुटलेला कामगार, दूध घालून आलेला शेतकरी, नाहीतर तालुक्याच्या गावी शिकणारा मुलगा असतो. मरणारा आणि ज्याच्या गाडीवर तो आदळतो तो, दोघेही एकाच थरातले. पुढे नुकसानभरपाईच्या दाव्यात दोष कोणाचा किती याची चर्चा होते. ज्याच्यासाठी ऊस चालला होता तो कारखाना या चर्चेत फारसा कोठे दिसत नाही.

दर वर्षी हंगामाच्या आरंभी रिफ्लेक्टर लावण्याचा एक कार्यक्रम होतो. परिवहन अधिकारी, पोलीस, कारखान्याचे संचालक एकत्र येतात, गाडीला तांबडी पट्टी चिकटवितात, छायाचित्र निघते. लोक तिला रेडियम म्हणतात. त्या पट्टीत रेडियमचा कणही नसतो, पण नावाचा महिमा असा की ती आपोआप उजळते असा समज झाला आहे. ती स्वतः उजळत नाही, दुसऱ्याचा प्रकाश परत करते. मागून येणाऱ्याचा दिवा मंद असेल, पट्टीवर धूळ किंवा चिखल असेल, गाडी वळणावर तिरपी उभी असेल, किंवा उसाची वाढेच तिच्यावर आली असतील, तर तिचा उपयोग शून्य. पट्टी लावूच नये असे माझे म्हणणे नाही; अवश्य लावावी. परंतु तिला दिव्याचा पर्याय मानणे ही स्वस्तात सुटका करून घेण्याची युक्ती होय.

येथेच एलईडीचा खरा सामाजिक उपयोग आहे. बैलगाडीला बॅटरी नाही, म्हणून दिवा नाही, हे आजवर ठीक होते. बल्बचा साधा पाच वॅटचा मागचा दिवा दहा तास जळावयाचा तर पन्नास वॅट-तास वीज हवी. तेवढी बॅटरी गाडीवानाने वागवावी ही अपेक्षा अव्यवहार्य होती. एक वॅटचा चांगला लाल एलईडी तेवढाच वेळ दहा वॅट-तासांत जळतो. एवढी बॅटरी तळहातावर मावते. म्हणजे ज्या वाहनाला स्वतःची वीज नाही त्यालाही आता दिवा देता येतो. सुधारणा म्हणावयाची तर हिला म्हणावे.

त्यासाठी दिवा गाडीच्या सांगाड्यावर ठोकून चालणार नाही, तो भरलेल्या उसावर टांगला पाहिजे. एक हलकी पाटी, तिच्या दोन टोकांना दोन लाल दिवे, मध्ये रिफ्लेक्टर, वर दोन आकडे. गाडी भरून झाली की शेवटच्या मोळीवर ती अडकवावयाची. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसाठी हीच पाटी लांब वायरीची आणि ब्रेकदिव्यासह करता येते. गाड्या काट्यासमोर तासन्‌तास रांगेत उभ्या असतात. त्या वेळात पाटीची बॅटरी तेथेच चार्ज करता येईल किंवा बदलून देता येईल. फडात वाहतुकीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा चिटबॉय असतोच. पाटी टांगलेली आणि दिवा लागलेला पाहिल्याशिवाय त्याने चिठ्ठी देऊ नये, एवढे केले तर वेगळ्या पोलिसाची गरज नाही. मात्र पाटी कारखान्याने पुरविलेली असली पाहिजे. ती न पुरविता चिठ्ठी अडविली तर तो जुलूम होईल.

खर्चाचा प्रश्न साहजिकच येतो. टायरगाडीची पाटी बाराशे रुपयांची आणि तीन हंगाम टिकणारी असे गृहीत धरू. म्हणजे हंगामाला चारशे रुपये. गाडीने दिवसाला दोन टन ऊस शंभर दिवस वाहिला तर दोनशे टन झाले. टनामागे दोन रुपये. आकडे प्रत्येकाने आपल्या भागाप्रमाणे बदलून पाहावेत. उत्तर फार बदलणार नाही. ट्रॅक्टरचे टन कितीतरी अधिक असल्याने तेथे हा खर्च टनामागे रुपयाच्याही आत येईल. २०२५-२६च्या हंगामासाठी उसाचा रास्त आणि किफायतशीर दर टनाला ३,५५० रुपये ठरला होता. त्याच्याशी तुलना केली तर शंभर रुपयांत सहा पैसेही होत नाहीत.

तेव्हा प्रश्न रकमेचा नसून ती कोणाच्या खात्यावर पडावी याचा आहे, आणि आपल्या पक्षाने लक्ष घालावयाचे ते येथे. कारखान्याने ‘गाडीमालकाने दिवा लावावा’ असा फतवा काढला की मुकादम तो खर्च उचलीत घालतो. आधीच उचल फेडण्यासाठी राबणाऱ्या जोडप्याच्या कर्जात बाराशे रुपयांची भर पडते. कारखान्याने खर्च केला आणि तोडणी-वाहतुकीत दाखविला तर तो उसाच्या बिलातून शेतकऱ्याकडून कापला जातो. दोन्ही वाटांनी जोखमीचे मोल तिचा भार वाहणाऱ्याकडूनच वसूल होते. रात्री वाहतूक व्हावी ही निकड गाडीवानाची नाही, शेतकऱ्याचीही नाही. गाळप अखंड ठेवण्याची ती निकड आहे. ज्याच्या प्रक्रियेसाठी रस्त्यावर धोका निर्माण होतो त्याने तो निवारण्याचा खर्च उत्पादनखर्चात धरावा, हे पिगूंच्या विचाराचे सरळ अनुमान होय. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी स्थापन झालेल्या महामंडळाकरिता कारखान्यांकडून टनामागे निधी घेण्याचे धोरण राज्याने स्वीकारलेलेच आहे. त्या निधीतून पाटी देण्यास हरकत नसावी, मात्र तो उसाच्या बिलातून मागच्या दाराने वसूल होत नाही याची खातरजमा करून.

एकेका गाडीवानाने दुकानात जाऊन दिवा घेतला तर त्याला महाग आणि निकृष्ट माल मिळेल, हे उघड आहे. याच्या उलट अनुभव केंद्र सरकारच्या ‘उजाला’ योजनेत आला. २०१४ साली घरगुती एलईडी बल्बची सरकारी खरेदी सुमारे ३१० रुपयांना होत होती. मोठ्या प्रमाणावर एकत्रित खरेदी सुरू झाल्यावर २०१६पर्यंत हा भाव ३८ रुपयांवर आला. तंत्रज्ञान त्या काळात स्वस्त होत होते हे खरे; पण घाऊक मागणी एकत्र करून एकच गुणवत्ता ठरवून दिल्याने काय साधते ते त्यातून दिसले. योजना आपल्या विरोधकांची होती म्हणून हा धडा नाकारण्याचे कारण नाही. राज्यातील कारखान्यांच्या संघाने एकच नमुना ठरवून एकत्र खरेदी केली तर वर धरलेले बाराशे रुपयेही जास्त ठरतील असे मला वाटते.

यावर दोन आक्षेप ऐकू येतात. पहिला, पाट्या चोरीस जातील. काही जातील, ऊसही वाटेत ओढला जातो, म्हणून कोणी वाहतूक बंद केली नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: यंत्राने तोडणी वाढत आहे, बैलगाडी लवकरच जाणार, तिच्यासाठी एवढा खटाटोप कशाला? गाडी जाईल तेव्हा जाईल. यंत्राने तोडलेला ऊसही रात्रीच आणि ट्रॉलीतूनच येणार आहे. आणि ‘लवकरच’ या शब्दाच्या आडोशाला कष्टकऱ्यांच्या किती निकडीच्या मागण्या आजवर पुढे ढकलल्या गेल्या याची गणती करू नये हेच बरे.

सहकारी साखर कारखानदारीचा आरंभ १९५०च्या सुमारास प्रवरेकाठी झाला तेव्हा धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ तिच्या अध्यक्षपदी होता. नफ्याबरोबर परिसराची जबाबदारीही संस्थेने उचलावी, ही अपेक्षा त्या प्रयोगातच अंतर्भूत होती. पुढे कारखाना ही सत्तेची पायरी झाली आणि अध्यक्षाची दृष्टी लाल दिव्याच्या गाडीवर खिळली. ते लाल दिवे १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्याही गाड्यांवरून उतरले. टायरगाडीच्या मागे मात्र लाल दिवा अजून चढावयाचा आहे.

साखर कारखान्यांच्या वार्षिक सभा साधारणतः सप्टेंबरात होतात, म्हणजे पहिली मोळी गव्हाणीत पडण्याच्या आधी. आपले अनेक कार्यकर्ते सभासद या नात्याने त्या सभांना हजर असतात. त्यांनी पुढील हंगामासाठी किती गाड्यांशी आणि ट्रॉल्यांशी करार झाले, त्यांपैकी किती वाहनांना भरलेल्या उसावर टांगता येणारा दिवा कारखान्याने दिला, आणि तो खर्च कोणत्या खात्यात दाखविला, हे तीन प्रश्न आठ दिवस आधी लेखी द्यावेत. उत्तर तोंडी मिळाले तर ते इतिवृत्तात नोंदवून घ्यावे, आणि त्याची एक प्रत तालुक्याच्या ऊसतोड कामगार संघटनेकडे पाठवावी.